एका ढिल्या मुठीची गोष्ट

जळगावातल्या खिडक्या सगळ्यात जास्त कोणी उघडल्या, असं विचारलं तर लोक वाऱ्याचं नाव घेतील. वाऱ्याचं काय सांगता? तो उन्हाळ्यात येतो, चार दिवस धिंगाणा घालतो आणि निघून जातो. मी तीस वर्षं, बाराही महिने, जळगाव ते धुळे आणि रावेर ते एदलाबाद, लोकांच्या खिडक्या उघडल्या, लावल्या, पुन्हा उघडल्या. एवढं करून एकाही खिडकीतून बाहेर काय दिसतं ते बघायची फुरसत मिळाली नाही. माझं तोंड कायम मुठीकडे.

आता थकलो. उजवा अंगठा तर माझा राहिलेलाच नाही. स्क्रू पिळून पिळून त्याची अशी गत झाली, की डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा हाडाला आटे पडलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, हा अंगठा उलटा फिरवला तर निघून हातात येईल." हे तुम्हाला खरं वाटणार नाही. नका मानू. पण अंगठा दुखतो तेवढं खरं धरा, म्हणजे पुढचंही ऐकून घ्याल.

दार दुरुस्त करणाऱ्याला लोक चहा विचारतात. खिडकीची मूठ बदलणाऱ्याला म्हणतात, "एवढंच तर काम आहे." माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. तिसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात, पश्चिमेच्या खिडकीशी, जिथली पितळी मूठ दुपारी हात लावला तर कातडी ठेवून घेते, तिथंसुद्धा, "एवढंच तर काम आहे!" धुळ्यात एका बाईंनी असल्या मुठीवर पापड टेकवला, तर तो फुगला. मी स्वतः खाल्ला. मीठ कमी होतं.

काम एवढंच, पण ते समजून घ्या. सागवानी खिडकीच्या झडपेवर एक पितळी पट्टी असते, त्या पट्टीत एक खीळ आणि त्या खिळीवर फिरते ती मूठ. मूठ आडवी केली की तिची जीभ चौकटीतल्या खाचेत शिरते, खिडकी बंद. मूठ खाली लोंबली की जीभ सुटते, खिडकी उघडी. दहा-पंधरा वर्षांत खीळ झिजते, जीभ झिजते, स्क्रूची भोकं मोठी होतात. मग खिडकी रात्रंदिवस खडखडते आणि घरातली माणसं एकमेकांवर खेकसतात. मी जाऊन भोकांत सागाच्या बारीक खुंट्या ठोकायचो, स्क्रूला कपड्याचा साबण लावायचो आणि नवी मूठ बसवायचो. नवशिका मिस्त्री उजव्या झडपेला डावी मूठ लावतो, मग ती बंद केली की उघडते आणि उघडली की बंद होते. असली एक खिडकी लावून घेतलेले पहूरचे एक गृहस्थ तीन वर्षं मिस्त्रीला नाही, बायकोला दोष देत होते.

गिऱ्हाइकं काय एकेक भेटली! धुळ्याचे एक मास्तर गावाला जाताना घरातल्या सगळ्या मुठी काढून ट्रंकेत भरून बरोबर न्यायचे. चोर उघडेल कशाने, हा त्यांचा सवाल. परत आले की मला बोलावणं. रावेरला एका केळीवाल्या आबांनी विचारलं, "बैल बांधला तर टिकेल का तुझी मूठ?" मी तेव्हा तरुण होतो. म्हटलं, "बांधून बघा." त्यांनी बांधला. मूठ टिकली. बैल मूठ, झडप आणि चौकट घेऊन सातपुड्याकडे निघून गेला. आबा मला म्हणाले, "तुझं काम चोख आहे. भिंत बांधणारा चोर निघाला."

अशा कामांवर मी नाव कमावलं. दगडू मिस्त्रीने पिळलेली मूठ यमाच्या रेड्यालाही हलणार नाही, असं लोक म्हणायचे. म्हणजे आधी मी म्हणायचो, मग लोक म्हणायचे. जे जे हलतं ते घट्ट करायचं, एवढीच अक्कल देवाने मला दिली होती आणि त्या अकलेवर माझं बरं चाललं होतं. आमच्या धंद्याचा आणखी एक रिवाज होता. उतरलेलं पितळ मिस्त्रीचं. जुनी मूठ काढली की ती पिशवीत टाकायची, गिऱ्हाईक विचारत नसे, आपण सांगत नसू.

या अकलेने आणि या रिवाजाने मिळून एका माणसाचा घात केला, तो सांगायचा आहे.

जळगावात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक बैठं घर होतं. घरात तीन माणसं. नाना, त्यांचा मुलगा आणि सून. नाना एकेकाळी एका जिनिंग मिलमध्ये कापसाचे पारखी. कापसाचा पुंजका दोन चिमटींत धरून ओढायचा, तुटलेल्या धाग्याकडे बघायचं आणि सांगायचं, हा लांब धाग्याचा, हा मध्यम, हा कवडी, म्हणजे अगदी हलका. डोळे बांधून दिला तर कोणत्या गावच्या शेतातला ते सांगतील, अशी त्यांची ख्याती. मी तर म्हणतो, कोणत्या बांधाकडचा तेही सांगितलं असतं. मग त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. खाट रस्त्याकडच्या खिडकीशी लावून दिली. हाताशी एक काठी, टोकाला लोखंडी शेंबी.

मुलगा भाऊसाहेब त्याच जिनिंगच्या कचेरीत कारकून होता. सूनबाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणे, मीही म्हणे. त्या वर्षी दसरा झाला, पहिल्या वेचणीचा कापूस येऊ लागला आणि वहिनींनी मला बोलावलं.

"अहो मिस्त्री, नानांच्या खोलीतली खिडकी आपोआप उघडते हो. मी लावून स्वैपाकघरात जाते, परत येते तो सताड उघडी. धूळ काय, कापूस काय, सगळा रस्ता घरात. दिवाळीच्या आत करा काही तरी."

मी गेलो. नाना खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते. मुठीला बोट लावलं तर ती टपकन खाली लोंबली. खीळ झिजून सुईएवढी झालेली. मी हसलो. म्हटलं, "नाना, ही मूठ नाही, हा पाळणा आहे." नाना हसले नाहीत. मी जुनी काढली, पिशवीत टाकली, नवी बसवली. अशी बसवली, की फिरवताना मलाच दात-ओठ खावे लागले. वहिनींना म्हटलं, "आता वारा काय, वाऱ्याचा बाप आला तरी उघडणार नाही."

जाताना नाना जड जिभेने एवढंच म्हणाले, "तुन्ही मूठ भारी शे रे. जेलम्हा लाव."

मला ती शाबासकी वाटली. मी चार ठिकाणी सांगितलीसुद्धा.

दिवाळी झाली, बाजाराकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. एक दिवस सकाळी मी सायकलवरून त्या घरावरून जात होतो. खिडकी बंद. आणि तिच्यासमोर रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी थांबलेली. गाडीवान खाली उतरून बंद झडपेकडे बघत उभा. माझी पिशवी बघून त्याने विचारलं, "मिस्त्री, या घरमा नाना शेतस का गयात?"

"आहेत की. का?"

"मंग खिडकी काबरं बंद शे? आठ दिन व्हयनात. बठ्ठा येपारी मनमानी करी ऱ्हायनात."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी सायकल स्टँडवर लावली. गेली दोन वर्षं हंगामात गाड्या या खिडकीशी थांबत होत्या. शेतकरी गजांतून कापसाचा पुंजका आत द्यायचा. नाना एक टोक ओठांत धरायचे, दुसरं डाव्या चिमटीत, आणि ओढायचे. मग सांगायचे, हा अमुक धाग्याचा आहे, व्यापारी कवडी म्हणाला तर गाडी हलव. एवढ्या एका वाक्यावर शेतकरी बाजारात ताठ उभा राहायचा. निघताना तो बाहेरून झडप ढकलून लोटून द्यायचा. ती पुढे वाऱ्याने उघडली की घरात वाटायचं, खिडकी आपोआप उघडते.

मी आत गेलो. वहिनींना म्हटलं, नवी मूठ एकदा बघून घेतो. त्या स्वैपाकघरात परत गेल्या. मी मुठीशी वाकलो आणि माझा चेहरा उतरला. नव्या कोऱ्या पितळावर खालून, डाव्या बाजूने, ओरखडे. एक-दोन नव्हेत, कितीतरी दिवसांचे. शेंबीची धार जिथे जिथे घसरली तिथे तिथे तिने रेघ ओढली होती. जुनी मूठ काठीच्या एका टिचकीने खाली पडायची. माझी मूठ हलणार नव्हती. तसं मीच गावभर सांगत फिरत होतो ना?

"नाना," मी म्हटलं, "वहिनींना सांगायचं. त्या उघडून देतील."

नानांनी दाराकडे बघितलं, मग हळूहळू सांगितलं. मागच्या हंगामात जिनिंगच्या खरेदीदाराला कुणकुण लागली होती, की शेतकरी भाव आधीच शिकून येतात. त्याने भाऊसाहेबांना बोलावून झापलं. भाऊसाहेब घरी येऊन बापाच्या पाया पडले. "नाना, बसल्या जागी माझी नोकरी घालवू नका. कोणाला हाक मारू नका." नानांनी शब्द दिला.

"मी हाक मारत नही," नाना म्हणाले. "खिडकी उघडी ऱ्हास. कोन्ही थांबनं तं मी काय करू?"

असं म्हणून ते डाव्या बाजूने हसले. उजवी हसत नव्हती. मला वाटत होतं, या जिल्ह्यात आपल्याइतका लबाड माणूस नाही. तो गर्व त्या दिवशी गेला.

"आते काय करशी?" त्यांनी विचारलं.

"जुनी मूठ आणून लावतो."

"कोनले सांगू नको. पोऱ्याले नही, सूनलेबी नही."

मी हो म्हटलं आणि शेठजींच्या दुकानाकडे सायकल पिटाळली. शेठजी मूळचे राजस्थानकडचे, चार पिढ्यांपासून जळगावात लोखंड-पितळाचं दुकान. मी उतरलेलं सगळं पितळ त्यांच्याकडेच घालायचो. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"मिस्त्री, ते पितळ? ते तर दिवाळीआधीच भट्टीत गेलं भाऊ. आता कोणाचा तरी तांब्या होऊन पाणी पीत बसलंय."

"एक मूठसुद्धा नाही उरली?"

"ज्या मालाला तू स्वतः भंगार म्हणून तराजूत टाकलास, त्याची आज एवढी याद येते?"

मी रिकाम्या हाताने घरी आलो.

मग मी ते काम हाती घेतलं, जे मला येत नव्हतं. ढिलं करणं. तुम्हाला सोपं वाटेल. स्क्रू सैल करा, झालं! स्क्रू सैल केला तर पट्टी हलते, मूठ फिरते ती वाटेल तशी, खिडकी वाऱ्याने उघडते आणि वहिनी दुसरा मिस्त्री बोलावतात. मला हवी होती अशी मूठ, जी वाऱ्याला दाद देणार नाही, मांजराला देणार नाही, पण खाटेवरून आलेल्या एका टिचकीला देईल. पंधरा वर्षांत आपोआप होतं ते मला आठवड्यात करायचं होतं, आणि त्या आठवड्यात गाड्या बंद खिडकीसमोरून जात होत्या.

शेठजींच्या दुकानातून तसलीच एक मूठ आणून घरी जुन्या झडपेवर बसवली. खीळ कानशीने उतरवली, एवढी की जास्त झाली. टाकली. दुसरी आणली. ती कमी झाली. बायको म्हणाली, "खिडकी दुसऱ्याची आणि वेड आपल्या घरात." तिसऱ्या मुठीला अक्कल सुचली. मुठीच्या टोकाला आतल्या बाजूने भोक पाडलं, त्यात शिसं ओतलं, वरून घासून पितळासारखं केलं. टोक जड झालं. जीभ खाचेत अगदी केसभर अडकेल एवढीच ठेवली. हलकी टिचकी मारली, की मूठ स्वतःच्या वजनाने खाली यायची. मी अंगणात खाट टाकून, आडवा पडून, बायकोच्या लाटण्याने टिचक्या मारून बघत होतो. शेजाऱ्यांनी माझ्यावर उतारा करायचं ठरवलं होतं असं नंतर कळलं.

आठव्या दिवशी जाऊन ती बसवली. वहिनींना सांगितलं, आधीची मूठ सदोष निघाली, बदलून देतो. खोलीत आम्ही दोघंच. नानांनी काठी उचलली. पहिली टिचकी हुकली. दुसरी हुकली. मी मुठीला हात लावायला पुढे झालो.

"हात लावू नको!" नाना खेकसले.

तिसरी टिचकी बसली. मूठ खाली लोंबली. नानांनी काठी गजांतून घालून झडप ढकलली आणि सगळा रस्ता खोलीत आला. बैलांच्या घंटा, धूळ, उडणारा कापूस. नाना माझ्याकडे बघत नव्हतेच. ते रस्त्याकडे बघत होते. मी पिशवी उचलून निघालो.

चारच दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी वहिनींनी मला गाठलं. नाही, चुकलो, त्यांच्या व्हरांड्यातच उभ्या राहून हाक मारली. भाऊसाहेब आत कचेरीला जायच्या तयारीत, नाना खाटेवर, शेजारच्या बायका धुणं वाळत घालत होत्या. अशा भर सभेत त्या कडाडल्या.

"काय हो मिस्त्री! दोनदा मूठ बदललीत, आणि खिडकी तशीच! लाज वाटत नाही? एवढंच तर काम! यमाच्या रेड्याला हलणार नाही म्हणे!"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. असं उत्तर, की शेजारच्या बायकांनी ओली धुणी खाली टाकली असती. खिडकीतून नाना बघत होते. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "वहिनी, माझ्या हातून नाही होत ते काम."

हे वाक्य मी तोवर आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आतून भाऊसाहेब म्हणाले, "जाऊ दे, असल्या मिस्त्रीच्या नादी कशाला लागतेस." महिन्याभरात ती सगळी गल्ली आणि मागची आळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. दगडू मिस्त्रीची मूठ ढिली, हे लहान पोरांनाही पाठ झालं. मी कामासाठी धुळ्याच्या एसटीत बसू लागलो. थकवा तेव्हापासूनचा आहे, अंगठ्याचं उगाच नाव. पण सकाळच्या वेळी कधी त्या रस्त्याने जायचं झालं, तर खिडकीशी एखादी गाडी उभी दिसायची. मी सायकल हळू करायचो नाही.

नाना आणखी पाच हंगाम जगले.

आता मी काम सोडलं आहे. हल्ली अल्युमिनियमच्या मुठी आल्यात. त्या झिजत नाहीत, सरळ तुटतात. गेल्या उन्हाळ्यात बाजारात वहिनी भेटल्या. केस पांढरे झालेले. म्हणाल्या, "मिस्त्री, घरी चला. चहा घ्या." त्या घरचा पहिला चहा.

त्यांनी मला नानांच्याच खोलीत बसवलं. खाट गेली होती, कोपऱ्यात काठी होती. खिडकीवर माझी मूठ होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

"ती अजून तुमचीच आहे," वहिनी म्हणाल्या. "मधे दोन वेळा रंग दिला घराला, पण दुसऱ्या मिस्त्रीला हात नाही लावू दिला."

"एवढी ढिली असून?"

"मी रोज ही खोली झाडायची मिस्त्री. खाटेखाली कापसाचे पुंजके निघायचे, सरकी निघायची. मला वाटायचं रस्त्यावरून उडून येतात. तुम्ही पहिली मूठ बसवली आणि झाडूत कापूस येणं बंद झालं. नानांचं जेवणही बंद झालं. दुसरी बसवलीत, दुसऱ्या दिवशी झाडूत कापूस. ओला, ओठांत धरलेला. तेव्हा कळलं मला."

"मग तुम्ही... व्हरांड्यात..."

"हे आत होते ना. त्यांना वाटायला हवं होतं की मिस्त्रीच वाईट आहे. नाही तर त्यांनी खिळे ठोकून खिडकी बंद केली असती, नोकरीच्या भीतीने. आणि नानांना वाटायला हवं होतं की मला काही ठाऊक नाही." त्यांनी पदर सारखा केला. "तुमचं नाव त्यात गेलं. मला कळत होतं. बोलायला आज बारा वर्षं लागली."

मी पहिल्यांदा मुठीकडे नीट बघितलं.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी उठलो, कोपऱ्यातली काठी घेतली, खाट होती तिथे जमिनीवर बसलो आणि खालून, डाव्या हाताने, एक टिचकी मारली. मूठ पहिल्याच टिचकीला खाली लोंबली. हजारो मुठी मी घट्ट केल्या, त्यांतल्या आज किती जागेवर आहेत मला माहीत नाही. ही एक होती. मी काठीने झडप ढकलली. बाहेर रस्त्यावर ट्रक जात होते, बैलगाडी एकही नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या खिडकीतून बाहेर बघत बसलो.

आतून वहिनींचा आवाज आला, अगदी तोच, व्हरांड्यातला, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असा. "अहो मिस्त्री! उघडली ना पुन्हा ती खिडकी? धूळ येतेय घरात!"

आता घरात तो आवाज ऐकून फसणारं कोणी राहिलं नव्हतं. भाऊसाहेब कचेरीत, नाना फोटोत.

मीही मान खाली घातली आणि तेवढ्याच मोठ्यांदा ओरडलो, "वहिनी, माझ्या हातून नाही होत ते काम!"